थोरलीचा पट्टा

थोरली गळ्यात अडकवून ज्योतीराम खोलीबाहेर पडायला निघाला आणि चौकटीतच आडवा अडकला. थोरलीची मान डावीकडच्या भिंतीला टेकली होती, बूड उजवीकडच्या भिंतीला, आणि मध्ये ज्योतीराम दाराला घातलेल्या अडसरासारखा उभा होता. पुढं जायचं तर चौकट मोडायला हवी होती. मागं यायचं तर गळ्यातला काथ्याचा दोर दाराच्या कडीत गुंतला होता.

मागून घरमालकीण गोजाबाई रिकामी कळशी घेऊन आली.

"ज्योतीराम, बाहेर तरी जा न्हाईतर आत तरी ये. मला पान्याला जायचंय."

"अडकलोय, मावशी."

"ते दिसतंय मला. सुटनार कवा, ते इचारतीय."

"कोंडाजी आला की."

"आन न्हाई आला तर?"

यावर ज्योतीरामनं विचार केला नव्हता. गोजाबाईनंही फार केला नाही. तिनं पदर खोचला, वाकली आणि थोरलीच्या पोटाखालून बाहेर गेली. परत येताना भरल्या कळशीनं वाकता येईना, म्हणून तिनं कळशी थोरलीवर ठेवली, खालून आत आली आणि आतून कळशी उचलून घेतली. पुढच्या खेपेपर्यंत तिला ही सोय आवडायला लागली होती. कोंडाजी आला आणि त्यानं ज्योतीरामला सोडवलं, तेव्हा ती थोडी नाराजच झाली.

थोरली म्हणजे थोरली सारंगी. हे नाव चिंचवडकरांनी ठेवलं होतं, कारण तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात बँडमालक सोपानरावांनी एक भलीमोठी बंद पेटी घेतली. पेटी उघडून बघायची परवानगी नव्हती, हलवून बघायची होती. सोपानरावांनी हलवली. आतून भारदस्त आवाज आला. आत कर्णे, पिपाण्या, निदान एखादा ताशा तरी असणार असा हिशेब करून त्यांनी पेटी बैलगाडीत घातली आणि वाटेत दोनदा स्वतःशीच हसले. घरी येऊन झाकण काढलं तर आत ही बया. माणसापेक्षा उंच, म्हशीच्या पोटाची, चार जाड तारांची. गोरे साहेब देश सोडून जाताना बरंच काही घेऊन गेले, पण हिला उचलायचं म्हटल्यावर त्यांनीही विचार बदललेला दिसत होता.

सोपानरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, पोटावर टकटक केली आणि म्हणाल्या, "कोंबड्यास्नी बरं हुईल. हवंला दोन भोकं आदीच हायती."

त्या दिवशी सारंगीचं खुराडं व्हायचं राहिलं ते ज्योतीराममुळं. ज्योतीराम मूळचा खटावकडचा. दिवसा पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायचा आणि लग्नसराईत सोपानरावांच्या बँडात गॅसबत्ती डोक्यावर धरून चालायचा. बँडात राहून त्याचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. तो आला नाही तर गाणं थांबायचं नाही, नुसता अंधार पडायचा. त्यानं सहज थोरलीची सगळ्यांत जाड तार ओढली. 'ढुम्म' झालं. आवाज कानात न येता तळपायातून वर चढला. ओसरीवरचा तांब्या जागचा हलला. ज्योतीरामनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हलवलं होतं.

"मालक, ही मी वाजवतो," तो म्हणाला.

सोपानरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. याला फारसा वेळ लागला नाही, कारण ज्योतीराम बेताच्याच उंचीचा होता.

"हे बघ. बँड म्हंजे चालतं काम. एका जागी हुबं ऱ्हाऊन वाजवायचं तर देवळातली घंटा काय वाईट हाय? भोसरीच्या भिमाजीच्या पोराचं लगीन हाय. नवरदेव घरनं निघून मारुतीला जानार. त्या सबंध वाटंनं ही बया गळ्यात घालून वाजवत ने. मदी एकदा जरी भुईला टेकली, तर दुसऱ्या दिशी कोंबड्या आत, आन तू परत बत्तीखाली."

म्हणजे प्रश्न आता संगीताचा उरला नव्हता. प्रश्न पट्ट्याचा होता.

पट्ट्यातलं कळणारा माणूस बँडात एकच होता, कोंडाजी. तो मोठा ढोल वाजवायचा. जन्मभर पोटावर ढोल वागवून त्याची चाल बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईसारखी झाली होती. "वजन वाद्याचं नसतं भावा," तो म्हणायचा, "वजन पट्ट्याचं असतं." याचा अर्थ काय, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

काथ्याचा दोर त्याच्याच सल्ल्यानं आणला होता. चौकटीतून सुटका झाली, पण ज्योतीरामच्या गळ्याभोवती लालभडक वळ उठला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुपरवायझरनं त्याला बाजूला घेतलं, चहा पाजला आणि संकटं काय, येतात आणि जातात, असा टोकाचा विचार माणसानं करू नये, असं बराच वेळ समजावलं. ज्योतीरामला काही कळलं नाही, पण चहा चांगला होता.

मग गोजाबाईनं आपलं जुनं लुगडं दिलं. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. लेकराची झोळी बांधतात तशी बांधून तिनं थोरलीला आत निजवलं. ज्योतीराम खुशीत निघाला. पण लुगडं ताणायला लागलं. गल्लीत छातीशी असलेली थोरली वळणावर कमरेला आली आणि नदीच्या घाटावर पोचेपर्यंत गुडघ्यांना लागली. दर पावलाला गुडघा बसायचा आणि 'ढुम्म' व्हायचं. घाटावर धुणं धुणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी हात थांबवले.

"एवढं थोरलं लेकरू अजून झोळीत घालतूय."

"लाडानंच वाया जात्यात," दुसरी म्हणाली.

तिसरा पट्टा कोंडाजीनं दिघीहून आणला. तिथं त्याचा मेहुणा लष्करात होता. हा पट्टा छत्रीनं विमानातून उडी मारणाऱ्या शिपायांचा होता. रुंद, मजबूत, आणि त्याला एक पितळी कडी होती. ती कट्‌ असा आवाज करून बसली आणि मग निघेना. दाबली, ओढली, गोजाबाईनं लाटण्यानं ठोकली.

"मेव्हण्याला ठावं असंल कशी काढायची," कोंडाजी म्हणाला.

"मग आणा त्याला."

"तो कालच काश्मीरला गेला."

शिफ्टची वेळ झाली होती. ज्योतीराम थोरलीसकट कारखान्याच्या गेटवर गेला. गेटवरचा मालोजी नियमाला पक्का माणूस होता. आत काय न्यायचं आणि काय नाही, हे त्याला तोंडपाठ होतं.

"हे काय?"

"पट्टा निघत नाही."

"पट्ट्याचं नाही विचारलं. पट्ट्याला काय लोंबतंय ते विचारलं."

"सारंगी."

मालोजीनं डोळे मिटून नियम आठवले. "जेवणाचा डबा चालतो. छत्री चालते. अंगावरचे कपडे चालतात. सारंगी काढून ठेव."

"निघत नाही हो."

"अजिबात?"

"अजिबात."

"मग तो कपडाच झाला की," मालोजी म्हणाला. "जा आत."

त्या दिवशी ज्योतीरामनं थोरली अंगावर घालून बाटल्या धुतल्या. वाकला की 'ढुम्म', उठला की 'ढुम्म'. तासाभरात सगळी रांग त्या ठेक्यावर बाटल्या धुवायला लागली. काम इतकं भरभर झालं की सुपरवायझर स्वतः पाहायला आला. "रोज आणत जा रे हे," असं तो कौतुकानं म्हणाला आणि तेवढ्यात साबणाचं पाणी कडीत शिरून कडी आपोआप सुटली. थोरली सरळ त्याच्या पायावर आली. त्यानं आपलं मत बदलल्याचं ज्योतीरामला लगेच कळलं.

लग्न परवावर आलं होतं. रुक्मिणीबाईंनी कोंबड्यांना अंदाज यावा म्हणून थोरलीच्या रिकाम्या पेटीजवळ दाणे टाकायला सुरुवात केली होती. ज्योतीराम आणि कोंडाजी चाकणच्या बाजारात गेले आणि तिथं, कातडी सामानाच्या ढिगात, त्यांना तो पट्टा सापडला.

वीतभर रुंद, जुन्या तेल पाजलेल्या चामड्याचा, आतून लोकरीची जाड गादी, कडेला बारीक घुंगरं. ज्योतीरामनं तो गळ्यात घातला. मान कुणाच्या तरी मांडीवर टेकावी तसं त्याला झालं.

"आधी कुणाचा होता?" त्यानं दुकानदाराला विचारलं.

"व्हता एक खानदानी गडी, भोसरीचा. जन्मभर घातला, कदी तक्रार केली न्हाई."

"मग विकला कशाला?"

"वारला बिचारा."

ज्योतीरामला वाईट वाटलं. कुणीतरी म्हातारा ढोलकरी त्याच्या डोळ्यांपुढं आला, पांढऱ्या मिशांचा, गरीब स्वभावाचा. त्यानं पट्टा कपाळाला लावला.

"गडी मानंनं चांगलाच रुंद दिसतोय," कोंडाजी म्हणाला. "घुंगरं ऱ्हाऊ दे. तालाला बरी."

लग्नाच्या सकाळी बँड भोसरीला भिमाजीच्या दारात हजर झाला. पट्टा ज्योतीरामनं बँडच्या लाल कोटाखाली घेतला होता. त्याची टोकं कोटाखालून निघून थोरलीला बांधली होती. मान दुखत नव्हती, खांदा दुखत नव्हता. पट्टा असा बसला होता की थोरली आपल्या गळ्यात आहे हे त्याला वळताना फक्त कळायचं. वळला तेव्हा तिच्या मानेनं ओळीनं तीन पाहुण्यांचे फेटे उडवले. पाहुण्यांनी ते मानपानात धरलं नाही.

अंगणाच्या कोपऱ्यात एक पांढराशुभ्र बैल भिंतीकडं तोंड करून उभा होता. समोर पेंड तशीच पडली होती.

"ह्याला काय झालंय?" ज्योतीरामनं भिमाजीला विचारलं.

भिमाजी मुलाच्या लग्नाच्या गडबडीत होता, पण बैलाचं नाव निघाल्यावर थांबला. "नवश्या हाय त्यो. हौश्या-नवश्याची जोडी व्हती माजी. गाड्याच्या शर्यतीला घाटात सुटली की मानसं टोप्या धरायची. हौश्या गेला आन हा असा भिताडाकडं बघत बसला. यात्रंत दुसरा जोडीदार दिला तर भर घाटात खाली बसला. पार इज्जत गेली, बघ. हौश्याची समदी चीजवस्त मी लांब बाजारात धाडली. म्हनलं डोळ्याआड झाली की इसरंल."

"विसरला?"

"न्हाई ना," भिमाजी म्हणाला आणि उपरण्यानं डोळे पुसत आचाऱ्याला ओरडायला गेला.

ज्योतीरामला बैलाचंही वाईट वाटलं. त्या आठवड्यात त्याला सगळ्यांचंच वाईट वाटत होतं.

नवरदेव सयाजी घोडीवर बसला. घोडी गावातलीच होती. भोसरीच्या यात्रेत बैलगाड्यांपुढं जी घोडी पळते, तीच. लग्नासाठी तिला झूल घातली होती, पण झुलीखाली ती तीच होती. कोंडाजीनं ढोलावर पहिली थाप टाकली. ज्योतीरामनं 'ढुम्म' केलं आणि पाऊल उचललं. घुंगरं वाजली.

कोपऱ्यात नवश्यानं भिंतीकडचं तोंड फिरवलं.

ज्योतीराम मन लावून वाजवत होता. गॅसबत्तीखाली चालताना त्याला कायम पुढच्या माणसाची पाठ दिसायची. आज त्याला लोकांची तोंडं दिसत होती, आणि दर 'ढुम्म'ला ती थोडीथोडी हलत होती. म्हणून डाव्या कानाशी गरम श्वास आला तेव्हा त्यानं लक्ष दिलं नाही. त्याला वाटलं कुणीतरी जवळून ऐकतंय. मग त्या कुणीतरी त्याचा कान चाटला.

नवश्या दावं तोडून आला होता. त्यानं ज्योतीरामच्या कोटाच्या कॉलरमध्ये नाक खुपसलं, पट्ट्याचा दीर्घ वास घेतला आणि समाधानानं एक उसासा टाकला. मग जन्मभराच्या सवयीनं मान खाली घालून ती थोरलीच्या आडव्या मानेखाली सरकवली आणि वर उचलली. जू अंगावर बसलं. डावीकडं नवश्या, उजवीकडं ज्योतीराम. नवश्याचं एक शिंग थोरलीच्या तारांत बरोबर अडकलं.

"कोंडाजी," ज्योतीराम हळूच म्हणाला.

"मदी बोलू नगंस, ताल जाईल."

"कोंडाजी, माझ्या शेजारी बैल आहे."

कोंडाजीनं वळून पाहिलं. त्यानं पट्टा पाहिला, बैल पाहिला, आणि खानदानी गडी कोण ते त्याच्या ध्यानात आलं. "पळू नगंस फकस्त," तो म्हणाला. "घोडी पुढं, ढोल वाजतोय, जोडीदार शेजारी. आता ह्याला सुटायला एकच गोष्ट कमी हाय. ती जर कुनी..."

कडेला पारावर भोसरीची जुनीजाणती माणसं बसली होती. त्यांनी आयुष्यभर घाटाच्या कडेला बसून बैल सुटताना पाहिले होते. समोर घोडी, मागं जोडी आणि ढोल असं दिसल्यावर त्यांतल्या एका म्हाताऱ्याचा हात आपोआप वर गेला आणि तोंडातून निघालं, "भिर्रर्रर्र."

ते ऐकून पहिल्यांदा घोडी सुटली. सयाजी तिच्यावर होता, म्हणून तोही सुटला. घोडी सुटली म्हणून नवश्या सुटला, आणि ज्योतीराम पट्ट्यात असल्यामुळं त्याला वेगळं काही ठरवावं लागलं नाही.

बँडवाले दुतर्फा उडाले. गुलाल घेऊन उभ्या असलेल्या पोरांनी तो सवयीनं उधळला. नवश्याचं शिंग दर उडीला चारही तारांवरून फिरत होतं आणि थोरली अशी काही वाजत होती की गोऱ्या साहेबांनीही तिला इतकं वाजताना ऐकलं नसेल. ज्योतीरामचे पाय सुरुवातीला जमिनीला लागत होते. पुढं पुढं ते अधूनमधून लागायला लागले.

"उजव्या अंगाचा नवा दिसतोय," पारावरचा म्हातारा म्हणाला.

"बारका हाय, पन दम हाय," दुसरा म्हणाला.

मारुतीच्या देवळाशी घोडी थांबली, कारण तिथून पुढं रस्ता नव्हता. नवश्या थांबला. ज्योतीराम थोडा उशिरा थांबला, पण पट्ट्यानं त्याला परत आणलं. सयाजी उतरला, बाशिंग सरळ केलं आणि देवाच्या पाया पडला. भोसरीत नवरदेव मुहूर्ताच्या इतका आधी मारुतीला पोचल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुजारी अजून आंघोळीहून आला नव्हता.

धापा टाकत मागून सगळी वरात आली. सर्वांत पुढं भिमाजी. ज्योतीरामनं डोळे मिटून घेतले. भर लग्नात मुलाची घोडी उधळवली, पाहुणे विखुरले. आता मार बसणार, आणि वर गॅसबत्ती. भिमाजी सरळ त्याच्यावर येऊन कोसळला, पण मारायला नव्हे. एक हात नवश्याच्या गळ्यात आणि एक ज्योतीरामच्या गळ्यात घालून तो ढसाढसा रडायला लागला.

"पळाला रं. माजा नवश्या पळाला."

सोपानराव पोचले ते कंबर धरून. "मालक," ज्योतीराम म्हणाला, "थोरली भुईला टेकली नाही."

"टेकली न्हाई, मी साक्षीला हाय," कोंडाजी म्हणाला. "ह्याचे पाय सुदीक फारसे टेकले न्हाईत."

"मी चालत न्यायची म्हनलं व्हतं," सोपानराव म्हणाले. "पळत न्हाई."

भिमाजीनं डोळे पुसून सोपानरावांकडं पाहिलं. भोसरीतली पुढची चार लग्नं भिमाजीच्या भाऊबंदांत होती. सोपानरावांनाही ते त्याच वेळी आठवलं.

"पळत नेली तर काय, उलट लवकर पोचली," ते म्हणाले.

"ह्या पोराला मी जाऊ देनार न्हाई," भिमाजी म्हणाला. "यात्रंत नवश्याच्या जोडीला हाच पळनार."

"मी बैल नाही, काका," ज्योतीराम नम्रपणे म्हणाला.

"आमी कुटं म्हनतो? हळूहळू सवय हुती."

मारुतीच्या पायरीवर बसून बराच वेळ बोलणी झाली. ज्योतीरामनं पट्टा काढून मांडीवर घेतला होता आणि नवश्या पट्ट्यावर हनुवटी टेकून उभा होता. ते पाहता पाहता ज्योतीरामला कोंडाजीचं 'वजन पट्ट्याचं असतं' हे बोलणं पहिल्यांदा समजलं. तो उठला आणि त्यानं पट्टा नवश्याच्या गळ्यात घातला. थोरली त्याच्या पाठीवर आडवी घालून पट्ट्याला बांधली आणि शेजारी उभं राहून तार ओढली. 'ढुम्म'. नवश्यानं कान हलवले आणि संथ पावलं टाकायला सुरुवात केली. ज्योतीराम मोकळ्या खांद्यांनी बाजूनं वाजवत चालला. जगातला सगळ्यांत आरामाचा पट्टा म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यातला, हे त्याला तेव्हा कळलं.

त्या हंगामापासून सोपानरावांच्या बँडला उसंत राहिली नाही. तळेगावपासून आळंदीपर्यंतची माणसं 'तो बैलाचा बँड' म्हणून सुपारी द्यायला येऊ लागली. पाटीवर सोपानरावांनी आधी नवश्याचं नाव घातलं, मग स्वतःचं, आणि जागा उरली नाही. रुक्मिणीबाईंच्या कोंबड्या थोरलीच्या रिकाम्या पेटीत राहायला गेल्या आणि तिथं अंडी मोठी येतात असं त्या शेजारणींना सांगू लागल्या. यात्रेच्या दिवशी मात्र ज्योतीरामला घाटाच्या वरच्या टोकाला थोरली घेऊन उभं राहावं लागतं. तो 'ढुम्म' करतो आणि नवश्या खालून त्याच्याकडं पळत येतो. ज्योतीराम वेळेवर बाजूला होतो.

एकच अडचण राहिली. ज्योतीराम शेजारी असल्याशिवाय नवश्या खात नाही. त्यामुळं लग्नघरी दोघांची पानं शेजारीशेजारी मांडतात, नवश्यापुढं पेंड आणि ज्योतीरामपुढं जिलबी. गेल्या महिन्यात तळेगावात वाढपी नवा होता आणि घाईत होता. त्यानं दोन्ही पानांची अदलाबदल केली. नवश्यानं जिलब्या संपवल्या आणि आणखी मागितल्या.

ज्योतीरामनं समोरच्या पेंडीकडं थोडा वेळ पाहिलं. पण तक्रार केली नाही.